दिव्यांची अवस आणि घरातले साक्षीदार

आषाढी वारीची दाटी ओसरली, वैष्णव आपापल्या गावी परतले, की आमच्या पंढरपुरात थोडी शांतता उतरते. मग घरोघरी दिवे खाली काढण्याची लगबग सुरू होते. माळ्यावरच्या समया, कोनाड्यातली निरांजने, लामणदिवे, पंचारत्या, एवढेच काय पण आता कोणी लावीत नाही ते जुने कंदीलसुद्धा चिंचेने आणि राखेने घासून लख्ख केले जातात. पाटावर ते ओळीने मांडून भोवती रांगोळी घालतात, कणकेचे गोड दिवे उकडून नैवेद्य दाखवितात. ही आषाढ अमावास्या, म्हणजेच दीप अमावास्या. आमच्या आयाबहिणींच्या बोलीत दिव्यांची अवस. पुष्कळ घरांतून त्या सांजवेळी लहान मुलांना ओवाळण्याचाही प्रघात आहे. दिवा आणि मूल यांना आपल्या परंपरेने एकाच पाटाचा मान दिला, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

या दिवसाची कहाणी वाचकांपैकी अनेकांनी आजीच्या मांडीवर ऐकली असेल. एका राजाच्या सुनेने घरातला खाऊ चोरून खाल्ला आणि आळ घातला उंदरांवर. उंदरांनी सूड म्हणून तिची चोळी पाहुण्याच्या अंथरुणात नेऊन टाकली. घराने फारशी चौकशी न करता तिला बाहेर काढले. पुढे अवसेच्या रात्री राजाने झाडाखाली मुक्काम केला असता त्याला गावातले दिवे फांद्यांवर बसून आपापल्या घरची सुखदुःखे सांगताना दिसले. त्याच्या घरच्या दिव्याने खरे काय घडले ते सांगितले आणि सुनेचा मान तिला परत मिळाला. कहाणीचे मर्म हे, की घरात जे घडते ते दिवा पाहत असतो. तो बोलत नाही, पण विसरतही नाही.

माझ्या मते घरातली मुले हीदेखील अशीच साक्षीदार असतात. आज दिव्यांच्या अवसेच्या निमित्ताने लिहावयास बसलो आहे तो या साक्षीदारांविषयी. आणि विशेषतः त्यांच्यापैकी काहींचा हात तेराव्या-चौदाव्या वर्षीच मद्याच्या पेल्याकडे का वळतो, याविषयी.

विषय सणाच्या पानाला विसंगत आहे, असे कोणास वाटेल. परंतु तसे नाही. याच तिथीला दुसरेही एक नाव चिकटले आहे. मुंबईच्या उपनगरांत, अंधेरी असो की बोरिवली, मुलुंड असो की घाटकोपर, दिव्यांची अवस म्हटल्यावर तरुण मुले क्षणभर थबकतात. ‘गटारी’ म्हटले की ताबडतोब ओळखतात. उद्यापासून श्रावण, महिनाभर मांसमद्य वर्ज्य, तेव्हा आज सारे उरकून घ्यावे, असा हा हिशेब. मटणाच्या दुकानापुढे रांग, मद्याच्या दुकानापुढे त्याहून मोठी रांग. धर्मशास्त्राच्या ज्या निबंधग्रंथांत मी आयुष्य घालविले त्यांत या नावाचा मागमूस नाही. पण लोकाचार ग्रंथांची वाट पाहत नाही. मुलांच्या दृष्टीने मात्र त्यातून निघणारा धडा स्पष्ट आहे : थोरांच्या आनंदाच्या दिवशी बाटली असते.

आता एक कबुली द्यावयाची आहे.

गेली तीसेक वर्षे मी चातुर्मासात मुंबईच्या उपनगरांत कीर्तनासाठी जातो. सात-आठ वर्षांपूर्वी घाटकोपरच्या एका वस्तीत गणेशोत्सवात माझी पाच दिवस कीर्तने होती. तबल्याच्या साथीला तिथलाच एक पंधरा वर्षांचा मुलगा होता. हात गोड, लयीची समज उपजत, वृत्ती लाजरी. चौथ्या दिवशी उत्तररंगात त्याचा ठेका दोन वेळा घसरला. मी वळून पाहिले. तो किंचित पुढे झुकला आणि मला वास आला.

त्या क्षणी मी जे केले त्याची लाज मला आजही वाटते. लावलेले आख्यान मी मध्येच मोडले आणि मद्यपानाच्या अधोगतीवर एक तिखट दृष्टांत रचून सांगितला. नाव घेतले नाही; पण नजर कुठे होती ते सभेला कळले. लोक हसले, टाळ्या पडल्या. मुलगा खाली मान घालून शेवटच्या आरतीपर्यंत वाजवीत राहिला. मग त्याने तबल्यावर गवसणी चढविली, माझ्या पायांवर डोके ठेवले आणि तो गेला. पाचव्या दिवशी साथीला दुसरा गृहस्थ होता. मी चौकशी केली नाही. व्यासपीठावरून धर्मरक्षण केल्याच्या समाधानात मी पंढरपुरास परतलो.

चार वर्षांनी मुलुंडला कीर्तन आटोपल्यावर मंडपाच्या खांबापाशी एक एकोणीस वर्षांचा तरुण थांबलेला दिसला. ओळख पटायला मला वेळ लागला. आम्ही बाजूच्या बाकावर बसलो. तो म्हणाला, “बुवा, तुम्ही त्या दिवशी मला विचारले असते, तर मी सांगितले असते.”

“मग आज सांग, बाळा,” मी म्हणालो.

त्याने सांगितले ते असे. तो तेरा वर्षांचा असताना विसर्जनाच्या रात्री मंडळाची मोठी मंडळी समुद्रावरून परतली आणि मंडपामागे बसली. थंड पेयाच्या बाटलीत काही मिसळून त्याच्या सख्ख्या मामाने पेला पुढे केला. “घे, आता तू मोठा झालास,” असे मामा म्हणाला. वडील शेजारीच होते. ते हसले. त्यांनी नको म्हटले नाही.

“बुवा, चव वाईट होती. मला ओकारी आली,” तो म्हणाला. “पण त्या दिवशी पहिल्यांदा मला कोणी मोठा म्हणाले. घरी मी नापासांच्या काठावरचा मुलगा. वर्गात मागच्या बाकावरचा. त्या मंडपामागे मात्र मी माणसांत होतो. पुढची दोन वर्षे मी दारू पीत नव्हतो, मी ते मोठेपण पीत होतो. आणि तुम्ही मला सर्वांसमोर पुन्हा लहान केलेत.”

वाचकहो, इतकी वर्षे मी शास्त्रार्थ सांगत आलो. पण या प्रश्नाचे इतके नेमके निरूपण मी कोणत्याही पंडिताच्या तोंडून ऐकलेले नाही. त्यानंतर मी हा विषय जाणत्या वैद्यकांकडून समजून घेण्याचा यत्न केला. जे उमगले ते थोडक्यात मांडतो.

प्रथम वयाचा विचार. मेंदूचा जो पुढचा भाग विवेक करतो, परिणामांचा अंदाज घेतो आणि वासनेला लगाम घालतो, तो पूर्ण परिपक्व होण्यास सुमारे पंचविसावे वर्ष उजाडते. याउलट सुखाची ओढ आणि सोबत्यांच्या नजरेतील मान यांना प्रतिसाद देणारी केंद्रे तेराव्या-चौदाव्या वर्षीच जोमात असतात. घोडे आधी येतात आणि सारथी मागाहून येतो, अशी ही अवस्था. कठोपनिषदात शरीराला रथ, इंद्रियांना घोडे आणि बुद्धीला सारथी म्हटले आहे, हे येथे सहज आठवावे. अशा वयात मद्य मेंदूला शिकवील ते तो पक्के धरून ठेवतो.

अमेरिकेत ग्रँट आणि डॉसन या संशोधकांनी १९९७ साली मोठ्या पाहणीतून दाखविले, की ज्यांनी पंधरा वर्षांच्या आत मद्य घेण्यास आरंभ केला, त्यांच्यापैकी सुमारे ४० टक्के लोक पुढे केव्हा ना केव्हा त्याच्या आहारी गेले. ज्यांनी वीस वर्षांनंतर आरंभ केला, त्यांच्यात हेच प्रमाण सुमारे १० टक्के होते. यात केवळ वयाचा दोष असतो असे नव्हे. आनुवंशिकता, घरची परिस्थिती, मनाची अस्वस्थता यांचाही वाटा असतो. लवकर आरंभ हे पुष्कळदा आधीच्या दुखण्याचे लक्षणही असते. पण चौपटीचा हा फरक डोळ्यांआड करण्याजोगा नाही.

आपल्या शेजारच्या गोव्यातील पाहणी तर अधिक विचार करावयास लावते. उत्तर गोव्यातील सुमारे १९०० पुरुषांची माहिती घेऊन २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की मद्य घेणाऱ्यांपैकी १९५६ ते १९६० या काळात जन्मलेल्यांत कुमारवयात आरंभ करणारे १९.५ टक्के होते. १९८१ ते १९८५ या काळात जन्मलेल्यांत ते ७४.३ टक्के झाले. एकाच मातीत, एकाच समाजात, अवघ्या पंचवीस वर्षांत एवढा पालट! मुलांचे रक्त पंचवीस वर्षांत बदलत नाही. बदलले ते भोवतालचे जग.

दिलासा देणारी एक संख्याही सांगितली पाहिजे. केंद्र सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीनुसार दहा ते सतरा वर्षे वयोगटात मद्य घेणारी मुले १.३ टक्के आहेत. म्हणजे बहुसंख्य मुले यापासून दूरच आहेत. ‘आजकाल सगळेच घेतात’ हे वाक्य खोटे आहे. आणि तेच वाक्य भाबड्या मुलाला पहिल्या घोटाकडे ढकलते. आपण मोठ्यांनी ते निदान आपल्या तोंडून उच्चारू नये.

मग उपनगरांतील या थोड्या मुलांचे काय होते? त्या तरुणाशी, आणि नंतर मुलुंड-बोरिवलीच्या अनेक पालकांशी बोलताना मला काही कारणे दिसली. पहिले कारण रिकामे घर. आईवडील दोघेही सकाळची लोकल धरतात ते रात्री परततात. दुपारी शाळेतून आल्यावर दाराची किल्ली मुलाच्याच खिशात. दुसरे कारण रिकामे मैदान, किंबहुना मैदानच नसणे. चाळींच्या जागी मनोरे उठले. चाळीच्या गॅलरीत जी पन्नास डोळ्यांची राखण होती, ती बंद दारांच्या सदनिकांत उरली नाही. तिसरे कारण गुणपत्रिकेचा धाक. दहावी-बारावीच्या वाटेवर मागे पडलेल्या मुलाला ‘तूही कोणीतरी आहेस’ असे म्हणणारा आवाज हवा असतो, आणि तो कट्ट्यावर मिळतो. चौथे कारण पडदा. मद्याच्या उघड जाहिराती दूरचित्रवाणीवर करता येत नाहीत, म्हणून त्याच नावाने सोडा आणि पाणी विकले जाते. मुलांना ते न सांगता कळते. पाचवे कारण मनाची वेदना. घरातले कलह, छळ, एकाकीपणा यांवर औषध म्हणून घोट घेणारी मुले आहेत, आणि त्यांत मुलीही आहेत. परंतु या साऱ्यांच्या मुळाशी मला जे आढळले ते त्या मंडपामागच्या पेल्यात होते : पहिला घोट पुष्कळदा गुंडाने दिलेला नसतो. तो प्रेमाच्या माणसाने, आनंदाच्या दिवशी, कौतुकाने दिलेला असतो.

महाभारताच्या आदिपर्वात कचाची कथा आहे. शुक्राचार्यांकडे संजीवनी विद्या शिकण्यास आलेल्या या तरुण शिष्याला दानवांनी मारले, जाळले, त्याची राख मद्यात कालविली आणि ते मद्य गुरूंनाच पाजले. देवयानीच्या आकांतामुळे शुक्राचार्यांनी शिष्याला हाक मारली, तेव्हा उत्तर आले ते त्यांच्याच पोटातून! ही कथा मी शेकडो वेळा रंगवून सांगितली. पण तिचा अर्थ मला त्या बाकावर बसल्यावर उमगला. थोरांच्या पेल्यात काय असते? त्यांचा शिष्य असतो, त्यांचे मूल असते. पिताना ते दिसत नाही, एवढेच.

आणि पुढे शुक्राचार्यांनी काय केले? शिष्याला विद्या देऊन बाहेर काढले, त्याने गुरूला पुन्हा उठविले, आणि मग शुद्धीवर आलेल्या त्या ज्ञानवृद्ध पुरुषाने मद्यपानाविरुद्ध मर्यादा घातली. ती मर्यादा त्यांनी कचाला उद्देशून घातली नाही. स्वतःच्या वर्गाला, जाणत्या म्हणविणाऱ्यांना घातली. कथेतील हा क्रम आपण उलटा केला आहे. आपण पेला हाती धरून मुलांना उपदेश करतो.

उपदेश आणि आज्ञा यांचे सामर्थ्य किती, हे मौसलपर्व सांगते. सांब आणि त्याच्या सोबत्यांनी ऋषींची थट्टा केली, शाप मिळाला, मुसळ जन्मले. तेव्हा द्वारकेत दवंडी पिटली गेली, की यापुढे कोणीही मद्य गाळू नये, गाळील तो आप्तांसह सुळावर जाईल. भयाने सर्वांनी ते मानले. पण प्रभासक्षेत्री यात्रेस निघताना यादवांनी बरोबर मद्य घेतलेच. आणि तेथे प्रथम प्याले ते बलराम, कृतवर्मा, सात्यकी यांसारखे ज्येष्ठ, तेही श्रीकृष्णाच्या समक्ष. त्यांच्या भांडणात प्रद्युम्न, सांब, अनिरुद्ध ही पुढची पिढी बळी गेली. तीर्थयात्रेच्या दिवशी सूट घेतली, आणि कुळ संपले.

आपल्या राज्यातही दवंडी आहेच. १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये आजही मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो. बीअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षांची वयोमर्यादा आहे. बालन्याय कायदा, २०१५ याच्या ७७ व्या कलमानुसार अठरा वर्षांखालील मुलाला वैद्यकीय सल्ल्यावाचून मद्य देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मंडपामागे पेला पुढे करणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असेल? जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरांहून अधिक माणसे मेली, तेव्हा मुंबई हादरली. पण चर्चा झाली ती विषारी दारूची. जी विषारी नसते, जी सीलबंद असते, जी सणाला येते, तिच्याविषयी आपण बोललो नाही.

हे बदलता येते का? येते. आइसलँड या चिमुकल्या देशात १९९८ साली पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुले मागील महिन्यात एकदा तरी नशेत चूर झाली होती. २०१६ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. त्यांनी मुलांना केवळ भय दाखविले नाही. खेळ, संगीत, नृत्य यांसाठी पैसा आणि जागा दिली. रात्री मुलांनी बाहेर हिंडण्यावर मर्यादा घातली. आणि मुख्य म्हणजे आईवडिलांनी परस्परांत लेखी करार केले, की आम्ही मुलांबरोबर अधिक वेळ घालवू आणि त्यांना मद्य देणार नाही. आपल्या गणेशोत्सव मंडळांच्या कार्यकर्त्यांना असा करार करणे अशक्य आहे काय? ढोल-ताशा, लेझीम, भजन, आरास, एकांकिका यांत कोवळ्या मुलाला खरी जबाबदारी देऊन ‘तू आता मोठा झालास’ असे सभेत सांगता येणार नाही काय? मोठेपणाची भूक खरी आहे. उपनयनासारखे संस्कार तिच्यासाठीच होते. ती अन्नाने भागविली नाही, तर विषाने भागेल.

ज्यांच्या घरी उशीर झाला आहे, त्यांनीही लाजेपोटी दार लावून बसू नये. डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा (अनिता) अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेले मुक्तांगण आणि फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्यात उभारलेली कृपा फाउंडेशन या संस्थांनी असंख्य घरे सावरली आहेत. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा उपनगरांतूनही भरतात आणि त्यांना शुल्क नसते. सरकारचा १४४४६ हा व्यसनमुक्तीचा विनामूल्य दूरध्वनीही आहे. मूल पहिल्यांदा पिऊन आले, तर त्या रात्री वाद घालू नये, त्याला सुरक्षित झोपवावे आणि सकाळी शांतपणे एकच प्रश्न विचारावा : “पहिल्यांदा कोणी दिली, आणि तेव्हा तुला काय वाटले?” मी तो विचारला नव्हता.

त्या तरुणाला मी शेवटी विचारले, “आता सुटलास ना?” तो म्हणाला, “सुटलो म्हणू नका, बुवा. थांबलो आहे. आठवड्यातून दोनदा सभेला जातो. आता वडीलही बरोबर येतात.” मी त्याची क्षमा मागितली. त्याने ती शब्दांनी दिली नाही; पण पुढच्या वर्षी तबल्यावर माझ्या साथीला तोच होता, आणि कचाचे आख्यान मी त्याच्याकडे पाठ न करता सांगितले.

आज संध्याकाळी आपण दिवे पुसून पाटावर मांडाल. घरात कुमारवयाचे मूल असेल, तर त्यालाही त्या पाटाशी बसवावे, ओवाळावे. ‘आता मी लहान नाही’ असे ते म्हणेल. तेव्हा त्याच्याच हाती समई पेटविण्यास द्यावी. रात्री दिवे आपापल्या घरची हकीकत सांगतात, अशी आपली कहाणी आहे. आपल्या घरचा दिवा काय सांगणार आहे, ते आज आपल्या हातात काय असेल त्यावर ठरणार आहे.